'टॉवर हाऊस'ची चोपडी

गेल्या बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी मंद्रूपच्या आमच्या जुन्या घरात चाचींनी माळ्यावरचं एक गाठोडं काढून माझ्यासमोर ठेवलं. जुन्या सोलापुरी चादरीत बांधलेलं, वर धुळीचा थर. म्हणाल्या, "तेरे चाचा का है. काम का है तो ले जा, नै तो रद्दीवाले कू दे डालती."

गाठोड्यात सिनेमाच्या चोपड्या होत्या. आजच्या वाचकांना हा प्रकार कदाचित माहीत नसेल. पूर्वी टॉकीजच्या बाहेर चालू सिनेमाची आठ-बारा पानांची पुस्तिका मिळायची. तीत कलाकारांची नावं, सगळी गाणी आणि थोडक्यात कथा छापलेली असायची. कथा अगदी ऐन वळणावर तोडलेली असायची आणि पुढचं पडद्यावर पाहा, असा निरोप असायचा. आमचे चाचा सोलापुरात मागावर काम करायचे. शनिवारी पगार झाला की सिनेमा आणि सिनेमा पाहिला की चोपडी, हा त्यांचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. वाळवीने खाल्लेल्या बाजूला काढल्यावर एकतीस चोपड्या उरल्या.

मी त्यांचे फोटो काढून जुन्या हिंदी सिनेमाच्या शौकिनांच्या एका गटात टाकले. वाटलं होतं, 'मुघल-ए-आझम'ची चोपडी पाहून लोक उड्या मारतील. तिसऱ्या दिवशी मुंबईच्या एका संग्राहकांचा फोन आला. त्यांनी 'मुघल-ए-आझम'चं नावही काढलं नाही. त्यांना 'टॉवर हाऊस' हवी होती. "मुघल-ए-आझमच्या चोपड्या बाजारात येत-जात असतात, जनाब. 'टॉवर हाऊस' मला अजून एकदाही चांगल्या अवस्थेत मिळालेली नाही," ते म्हणाले.

'टॉवर हाऊस' हे नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. इतकी मागणी का, असं विचारल्यावर त्यांनी मला एक गृहपाठ दिला. म्हणाले, आधी एक जपानी सिनेमा बघा, मग बोलू. हा लेख त्या गृहपाठातून निघाला आहे.

तीन नंबरचा मारेकरी

सिनेमाचं जपानी नाव 'कोरोशी नो राकुइन', इंग्रजीत 'ब्रँडेड टू किल'. साल १९६७, कृष्णधवल, लांबी दीड तास. दिग्दर्शक सेइजुन सुझुकी. हे गृहस्थ निक्कात्सु नावाच्या मोठ्या कंपनीत पगारी दिग्दर्शक होते. कंपनी पटकथा हातात देणार, नट ठरवणार, तारीख ठरवणार. यांनी ठरलेल्या दिवसांत सिनेमा काढून द्यायचा. असे चाळीसेक सिनेमे त्यांनी बारा वर्षांत काढले. बहुतेक टोळ्यांचे, मारामारीचे, एका तिकिटात दोन दाखवतात त्यातला दुसरा असावा तसे.

'ब्रँडेड टू किल'मध्ये भाडोत्री मारेकऱ्यांची क्रमवारी आहे. नायक तीन नंबरचा मारेकरी. त्याला एक विचित्र ओढ आहे, शिजत्या भाताच्या वासाची. एका कामगिरीच्या वेळी तो नेम धरतो, तेवढ्यात बंदुकीच्या नळीवर एक फुलपाखरू येऊन बसतं, नेम चुकतो आणि शिकार करणारा स्वतःच शिकार होतो. कोण कुठून आलं, कधी गेलं, हे सिनेमा समजावून सांगत बसत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा निम्मा डोक्यावरून गेला. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लक्षात आलं की ठरलेल्या साच्यातली गोष्ट सांगायचा या माणसाला कंटाळा आला होता आणि त्या कंटाळ्यातून तो एकेक चौकट मनाला येईल तशी रंगवत सुटला होता.

कंपनीच्या अध्यक्षांना सिनेमा अजिबात कळला नाही. १९६८ मध्ये सुझुकींना काढून टाकण्यात आलं. टोकियोतल्या एका फिल्म क्लबने त्यांच्या सिनेमांचा महोत्सव ठरवला, तर कंपनीने प्रिंट द्यायला नकार दिला. मग मात्र गंमत झाली. विद्यार्थी, समीक्षक, सिनेमावाले रस्त्यावर उतरले. सुझुकींनी कंपनीवर खटला भरला. १९७१ मध्ये तडजोड झाली. त्यांना दहा लाख येन मिळाले, आणि 'ब्रँडेड टू किल'सह दोन सिनेमांच्या प्रिंट कंपनीने टोकियोच्या राष्ट्रीय फिल्म केंद्राला दिल्या. सुझुकींना त्याची किंमत मोजावी लागली. जवळपास दहा वर्षं कोणत्याही मोठ्या कंपनीने त्यांना सिनेमा दिला नाही. पण सिनेमा वाचला. पुढे अमेरिकेत त्याच्या डिस्क निघाल्या, जिम जारमुशने आपल्या 'घोस्ट डॉग' या १९९९ सालच्या सिनेमात त्यातला एक प्रसंग सलाम म्हणून पुन्हा उभा केला, आणि जगभरचे संग्राहक त्याची जुनी पोस्टरं शोधू लागले. २०१७ मध्ये सुझुकी वारले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली.

मारामारीचा एक दुय्यम सिनेमा, तोही मालकाला न आवडलेला. तो वाचला कारण काही लोक त्यासाठी भांडले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आठ, नऊ, तीन

जपानी टोळीवाल्यांना 'याकुझा' म्हणतात हे बहुतेकांना माहीत असेल. या शब्दाची व्युत्पत्ती वाचली तेव्हा मला हसू आलं, कारण ती समजायला मंद्रूपच्या कुठल्याही जुन्या माणसाला दोन मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

जपानमध्ये पत्त्यांचा एक जुगार आहे. पत्त्यांची बेरीज करायची आणि एककाचा आकडा धरायचा. नऊ आले तर सर्वांत उत्तम. आठ, नऊ आणि तीन असे पत्ते आले तर बेरीज वीस, म्हणजे हातात शून्य. सगळ्यांत वाईट डाव. जपानीत आठला 'या', नवाला 'कु' आणि तिनाला 'सा' किंवा 'झा'. या-कु-झा. म्हणजे ज्याच्या हातात काही नाही असा, समाजाने निकामी ठरवलेला माणूस.

आता आपल्याकडचा मटका आठवा. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत सुरू केला आणि १९६४ पासून रतन खत्रींनी वाढवला, तो आकड्यांचा खेळ. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, एककाचा आकडा तो 'ओपन' नाहीतर 'क्लोज'. ३-८-९ आले की बेरीज वीस, आकडा शून्य. गणित तेच. पानाच्या टपरीवर चिठ्ठी फाडणाऱ्या माणसाला जपानी शब्दाचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच, की मटक्यात शून्यालाही तेवढाच भाव मिळतो जेवढा नवाला. ज्याने शून्यावर पैसे लावले, त्याच्यासाठी तो नशिबाचा आकडा.

याच रतन खत्रींवरून फिरोज खानच्या 'धर्मात्मा'मधलं (१९७५) प्रेमनाथचं पात्र बेतलं गेलं, असं सांगितलं जातं. टोळी, जुगार आणि सिनेमा यांचं नातं टोकियोत होतं तसं मुंबईतही होतं.

अन्सारी साहेबांचे गुन्हेपट

आता 'टॉवर हाऊस'कडे येऊ. साल १९६२. दिग्दर्शक एन. ए. अन्सारी, म्हणजे निसार अहमद अन्सारी. कलाकार अजित आणि शकीला. संगीत रवी यांचं. यातलं असद भोपालींनी लिहिलेलं आणि लता मंगेशकरांनी गायलेलं एक उदास गाणं रेडिओवर अजूनही लागतं. गाणं ऐकलेली माणसं हजारो असतील, ते कोणत्या सिनेमातलं हे सांगू शकणारी फार थोडी.

अन्सारी साहेबांची कारकीर्द पाहिली की सुझुकींची आठवण होते. हिंदी सिनेमाच्या मोठ्या इतिहासांत त्यांना फारशी जागा नाही. पण १९५९ ते १९७४ या काळात त्यांनी एकामागून एक गुन्हेपट काढले. 'ब्लॅक कॅट' (१९५९), 'वाँटेड' (१९६१), 'टॉवर हाऊस' (१९६२), 'मुलझिम' (१९६३), 'झिंदगी और मौत' (१९६५), 'वहाँ के लोग' (१९६७), 'जुर्म और सजा' (१९७४). नुसती नावं वाचली तरी दुनिया कळते. हॅट आणि ओव्हरकोट घातलेली माणसं, भिंतीत उघडणारा दरवाजा, क्लबमधलं गाणं, काळी मोटार, आणि या सगळ्याच्या मागे बसलेला एक सूत्रधार. हा सूत्रधार किंवा त्याचा उजवा हात अनेकदा अन्सारी साहेब स्वतःच असायचे. दिग्दर्शनही त्यांचं, पडद्यावरची बदमाशीही त्यांचीच.

नट मात्र कच्चे नव्हते. 'ब्लॅक कॅट'मध्ये टोळीच्या मागावर असलेला माणूस म्हणून बलराज साहनी आहेत. 'धरती के लाल' आणि 'दो बीघा जमीन'वाल्या बलराजना पिस्तूल घेऊन फिरताना पाहणं हा एक वेगळाच अनुभव आहे. 'मुलझिम', 'झिंदगी और मौत' आणि 'वहाँ के लोग'मध्ये प्रदीप कुमार. 'वहाँ के लोग'ची कल्पना तर अशी, की मंगळावरून माणसं येऊन हिरे लुटून नेताहेत आणि एक गुप्तहेर त्यांच्या मागे लागला आहे. खर्च बेताचा, उडत्या तबकडीचं सोंग कळून येतं, पण माणसाची हिंमत बघा. शेवट सांगत नाही, कुणाला पाहायचा असेल.

हा सिनेमा १९६७चा. म्हणजे टोकियोत सुझुकी भाताचा वास घेणारा मारेकरी दाखवत होते, त्याच वर्षी मुंबईत अन्सारी साहेब मंगळावरचे लुटारू दाखवत होते. दोघांची एकमेकांशी गाठ पडल्याचा प्रश्नच नाही. पण दोघंही त्याच कोपऱ्यात उभे होते, जिथे पैसा कमी असतो, समीक्षक फिरकत नाहीत आणि म्हणूनच थोडा वेडेपणा खपून जातो.

मराठी वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या सिनेमांच्या संगीतात आपली माणसं आहेत. 'ब्लॅक कॅट'चं संगीत एन. दत्ता यांचं. ते गोव्याचे दत्ता नाईक. गीतकार जां निसार अख्तर. यातलं रफी-लताचं युगुलगीत जुन्या गाण्यांच्या कोणत्याही मैफलीत निघतं. 'झिंदगी और मौत' आणि 'वहाँ के लोग' यांचं संगीत सी. रामचंद्रांचं, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. 'झिंदगी और मौत'मधलं शकील बदायुनींचं एक गाणं आशा भोसले आणि महेंद्र कपूर दोघांनीही वेगवेगळं गायलं आहे. तोवर 'अनारकली' आणि 'आझाद'चा जमाना मागे पडला होता, चितळकरांकडे मोठी कामं कमी येत होती. अन्सारी साहेबांनी त्यांना बोलावलं आणि त्यांनी उतारवयातली एक सुंदर चाल या दुय्यम मानलेल्या सिनेमाला दिली. झाशी-भोपाळकडची उर्दू, गोव्याची आणि नगरची चाल, पंजाबी नट, सगळं एका स्वस्त गुन्हेपटात एकत्र आलेलं आहे.

चोपडीची लिपी

मंद्रूप सोलापूर-विजयपूर रस्त्यावर आहे. गावात मराठी आणि कानडी दोन्ही चालतात, आमच्या घरात दख्खनी. माझ्या लहानपणी सिनेमा गावात यायचा तो जत्रेला, तंबूतून. जमिनीवर बसायचं, बायकांची बाजू वेगळी, यंत्र एकच, त्यामुळे रीळ बदलताना अंधारात शिट्ट्या. तंबूत येणारे सिनेमे जुने, शहरातून फिरून झिजलेले. तुटलेली फीत जोडताना मधला तुकडा गेलेला असायचा. कधी कधी अख्खं गाणं गायब. चाचा सोलापुरात सिनेमा आधीच पाहून आलेले असायचे. तंबूतून बाहेर पडल्यावर ते आम्हा पोरांना कापलेला भाग सांगायचे. चोपडी त्यासाठी लागायची.

'टॉवर हाऊस'ची चोपडी मी उघडली तेव्हा माझी अडचण झाली. एका भागात नागरी, दुसऱ्या भागात उर्दू. नागरीची पानं वाळवीने खाल्ली होती आणि उर्दूची शाबूत होती. माझं शिक्षण मराठी शाळेत झालं. मशिदीतल्या मौलवी साहेबांकडे कायदा आणि कुराण शिकलो, म्हणून अक्षरं ओळखू येतात. पण कुराणात झेर-झबर असतात. चोपडीच्या घाईघाईच्या लिखाणात ते नव्हते. अर्ध्या तासात चार ओळी लागल्या. शेवटी अम्माला फोन करून अक्षरं सांगत गेलो आणि ती शब्द जुळवत गेली.

आपल्यापैकी अनेकांची ही कथा आहे. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, फकरुद्दीन बेन्नूर सरांसारख्या माणसांनी ते उभं केलं, तेव्हा मराठी ही आमची भाषा आहे हे ठासून सांगावं लागलं होतं. ते खरंच आहे आणि हा लेखही मराठीतच लिहितो आहे. पण त्या दिवशी चाचांच्या चोपडीपुढे बसलो असताना जाणवलं की मागावर काम करणारा, चौथी शिकलेला माणूस जे सहज वाचत होता, ते मला वाचता येत नाही. हिंदी म्हणवल्या जाणाऱ्या सिनेमाचं अर्धं कागदपत्र उर्दू लिपीत आहे. ते वाचणारी पिढी संपत आली आहे. सिनेमाची फीत जाते तशी लिपीही जाते.

चांदी

फीत कशी जाते, हेही सांगायला हवं. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदी असते. सिनेमा चालून संपला, वितरकाला त्याची गरज उरली नाही, की ती रीळं भंगारात जायची. तिथे थर धुऊन चांदी काढली जायची. उरलेल्या पारदर्शक पट्टीच्या बांगड्या आणि पर्सेस व्हायच्या. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला आपला पहिला बोलपट 'आलम आरा' आज जगात कुठेही उपलब्ध नाही. त्याच्या रिळांचंही चांदीपायी असंच झालं, असं राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाचे पी. के. नायर सांगायचे.

हे संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये सुरू झालं. नायर साहेबांनी तिथे जवळपास सारं आयुष्य घातलं, गावोगाव फिरून डबे गोळा केले. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा जो भाग आज पाहायला मिळतो, तो असल्या धडपडीमुळे. पण ते सुरू झालं तोवर मूकपटांचा बहुतेक काळ राख झाला होता. शेकड्यांनी निघालेल्या मूकपटांपैकी आज पूर्ण अवस्थेत उरलेले बोटांवर मोजावेत इतकेच. जुनी नायट्रेट फिल्म फार ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून अनेक दुर्मिळ सिनेमे गेले. नंतरची ॲसिटेट फिल्म जळत नाही, पण उष्णता आणि दमटपणात सडते. डबा उघडला की सिरक्याचा वास येतो. तो वास आला की समजायचं, सिनेमा मरायला लागला.

सरकारी संग्रहालयाची जागा आणि पैसा मर्यादित. आधी कोणाला वाचवायचं? फाळके, शांताराम, बिमल रॉय, सत्यजित राय. यात चूक काही नाही. पण अन्सारी साहेबांचा नंबर कधी लागणार? त्यांच्यासाठी कोणी विद्यार्थी रस्त्यावर उतरले नाहीत, कोणता खटला झाला नाही. आज त्यांचे सिनेमे इंटरनेटवर मिळतात ते बहुतेक व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातल्या धूसर प्रतींवरून. चित्र फिकट, वर कंपनीचा शिक्का, मध्येच उडी. सुझुकींचा सिनेमा आज चकचकीत दिसतो, अन्सारींचा पावसात भिजल्यासारखा. दोघांच्या गुणवत्तेत फरक आहेच, सुझुकी मोठे कलावंत होते. पण फरक फक्त गुणवत्तेचा नाही.

जमवणारे

इथे संग्राहक येतात. मला पूर्वी या लोकांचा थोडा रागच यायचा. जुनं पोस्टर हजारोंना घ्यायचं आणि कपाटात बंद करायचं, यात कसलं प्रेम, असं वाटायचं. ती तक्रार पूर्ण गेलेली नाही. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर पोस्टरं विकणाऱ्या दुकानांत तासभर बसलात तर दिसेल, की दुर्मिळपणाचीच किंमत असते. सिनेमा जितका कमी लोकांनी पाहिलेला, तितकी त्याच्या कागदाची बोली मोठी. कधी कधी माणसं सिनेमा न पाहता त्याचं पोस्टर विकत घेतात.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हिंदी सिनेमाच्या कोणत्याही अभ्यासकाला आज ज्याच्याशिवाय पान हलवता येत नाही, तो 'हिंदी फिल्म गीत कोश' कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराझ' यांनी केला. एका माणसाच्या छंदातून दशकांमागून दशकांच्या सिनेमांची आणि गाण्यांची यादी उभी राहिली. ती करताना अशाच चोपड्या, तबकड्या आणि जाहिराती कामी आल्या. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या मित्रांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' सुरू केली. लाखेच्या जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी एकत्र बसून त्या ऐकायच्या, ऐकवायच्या, त्यांच्यावर लिहायचं, असं तिचं काम. सिनेमा गेला तरी त्याचं गाणं राहिलं, याचं श्रेय अशा लोकांना आहे.

आणि चोरबाजारातले ते दुकानदार? बहुतेक आपलेच लोक, फारसे न शिकलेले. कुठल्या तरी बंद पडलेल्या टॉकीजच्या गोदामातून पोतंभर कागद उचलताना त्यातलं कुठलं पोस्टर हाताने रंगवलेलं आणि कुठलं नुसतं छापील, हे त्यांना एका नजरेत कळतं. आपल्या पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसैन मुंबईत आधी सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. त्या काळी जे रंगकाम रस्त्यावर लटकायचं आणि पावसात धुऊन जायचं, त्याला कोणी कला म्हणत नव्हतं.

टोळीचा धर्म

मला स्वतःला अन्सारी साहेबांच्या सिनेमात एक वेगळी गोष्ट दिसली. दिग्दर्शक मुसलमान. शकीला, अजित (मूळ नाव हमीद अली खान), मिनू मुमताज, जां निसार अख्तर, असद भोपाली, शकील बदायुनी, किती नावं घ्यावीत. आणि विषय टोळी, तस्करी, खून. तरीही त्या काळच्या गुन्हेपटांतली टोळी कोणत्या मोहल्ल्याची नसते. खलनायक हॅट घालतो, सिगार ओढतो, 'बॉस' म्हणवतो. (ख्रिस्ती नावांचे गुंड आणि क्लबमधल्या नर्तकी मात्र भरपूर असायच्या, तो अन्याय होताच आणि तो आपल्याला तेव्हा दिसला नाही.)

पुढे 'जंजीर'मध्ये (१९७३) पठाण शेर खान आला, तो दोस्तीला जागणारा. 'दीवार'मध्ये (१९७५) तस्कर झालेल्या विजयच्या छातीशी ७८६चा बिल्ला होता, आणि तो बिल्ला त्याचं रक्षण करायचा. हाजी मस्तानच्या आयुष्याची सावली त्या सिनेमावर आहे असं म्हणतात, पण पडद्यावर ते आयुष्य विजयच्या नावाने आलं. १९९३ नंतर सगळं बदललं. बॉम्बस्फोट झाले, त्यातले आरोपी खरे होते, नावंही खरी होती, आणि सिनेमाने ती उचलली. पण त्यानंतर सुरमा, टोपी आणि 'भाई' हा टोळीचा गणवेशच होऊन बसला. आमच्या वयाच्या माणसांनी तो बदल पडद्यावर घडताना पाहिला आहे. सोलापूरच्या टॉकीजमध्ये बसून, शेजारच्या खुर्चीवरचा दोस्त माझ्याकडे न बघता समोर बघत राहिला, असे प्रसंगही आठवतात.

म्हणून मला 'टॉवर हाऊस' नुसती गंमत वाटत नाही. एका मुसलमान दिग्दर्शकाने स्वतः खलनायक होऊन मिरवावं आणि त्यात कोणालाही त्याचा धर्म दिसू नये, असा एक काळ होऊन गेला, याचा तो पुरावा आहे. असे सिनेमे हरवले तर तो काळ होता हेही कोणी मानणार नाही.

चाचा आणि चाची

चाचा पुढे पाबंदीने नमाजी झाले. जमातीत जाऊन आले. कोणीतरी सांगितलं, घरात तसबिरींचे कागद ठेवू नका, जाळून टाका. चाची सांगतात, चाचांनी दोन दिवस विचार केला. मग गाठोडं बांधून माळ्यावर टाकलं आणि म्हणाले, "देखने का गुना तो हो गया. अब कागज का क्या कसूर?" त्यानंतर त्यांनी ते पुन्हा खाली काढलं नाही, आणि टाकूही दिलं नाही.

संग्राहकांनी 'टॉवर हाऊस'सह सात चोपड्यांना जी रक्कम सांगितली, ती ऐकून चाची गप्प झाल्या. मला विकाव्यात असं वाटत नव्हतं. चाचांची आठवण मुंबईच्या कपाटात बंद होईल, असं म्हणालो. चाची म्हणाल्या, इथे ठेवून कोण सांभाळणार, तू पुण्याला, पोरं हैदराबादला, आणि वाळवीला काय कळतं? त्यांचं खरं होतं. माळवदाच्या घरात कागद टिकवणं सोपं नाही.

आम्ही सात चोपड्या दिल्या. देण्याआधी सगळ्या एकतीस चोपड्यांचं पान न् पान स्कॅन केलं, फाटलेली पानंसुद्धा. संग्राहकांकडून एक वचन घेतलं, की कोणी अभ्यासकाने मागितलं तर ते चोपडी दाखवतील. ते म्हणाले, "दाखवायला आवडतंच मला, बघायला येतं कोण?" पैसे चाचींना दिले. त्यांनी त्यातून माळवदावर नवी माती घालून घेतली आणि उरलेल्यातून चाचांच्या नावाने मशिदीत दोन पंखे दिले. सिनेमाच्या पैशातले पंखे चालतात का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही मौलवी साहेबांना विचारलं नसावं.

'टॉवर हाऊस'ची उर्दू पानं अम्मा आता रोज थोडी थोडी वाचून देते आणि मी ती नागरीत उतरवतो आहे. कथा अर्थातच शेवटाआधी तोडलेली आहे.

वाचकांना एकच विनंती. तुमच्याही घरी माळ्यावर, ट्रंकेत, जुन्या चादरीत असं काही असेल. चोपडी, तबकडी, तिकिटाचा तुकडा, टॉकीजमध्ये काम केलेल्या कोणाचा फोटो. रद्दीत देण्याआधी एकदा उघडून पाहा, त्याचे फोटो काढून ठेवा, आणि उर्दू वाचणारं घरात कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसून ते वाचून घ्या.